ठाण्याच्या नौपाड्यातलं जेनेटिक काउन्सिलिंग सेंटर: रिपोर्ट हातात टेकवून मोकळे होत नाहीत, समजेपर्यंत बसवून घेतात

५ पैकी साडेचार स्टार देतेय. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण आधी आम्ही तिथे कशासाठी गेलो होतो ते सांगते, त्याशिवाय ही माणसं काय काम करतात ते कळणार नाही.

मी कळव्याला राहते, २९ वर्षांची आहे, पहिलं बाळ, आणि तेव्हा नववा आठवडा चालू होता. रूटीन रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. ते मला नवीन नव्हतं, शाळेपासून माझं कधी ११ च्या वर गेलेलंच नाही आणि शाळेपासून मी लोहाच्या गोळ्या खातेय, बीट झालं, खजूर झाले, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी, सगळं करून झालं. एका दवाखान्यात तर सलग दोन वर्षं गोळ्या दिल्या आणि दरवेळी ऐकवलं की तुम्ही नीट घेतच नसणार. ह्यावेळी आमच्या डॉक्टर मॅडमनी खालचे आकडे पण बघितले, लाल पेशीचा आकार, तो एमसीव्ही म्हणतात ना, तो ६४ होता, ८० च्या वर पाहिजे, आणि पेशींची संख्या मात्र चांगली ५० लाख. म्हणजे पेशी भरपूर पण प्रत्येक पेशी बारकी. लोह कमी असलं की सहसा पेशींची संख्या पण घसरते म्हणे. मग त्यांनी एचपीएलसी नावाची टेस्ट करायला लावली, रक्तात कुठल्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती ते तिच्यात कळतं, त्यात हिमोग्लोबिन ए-टू ५.१ टक्के आलं, साडेतीनच्या वर गेलं की थॅलॅसेमिया मायनर समजतात, थॅलॅसेमिया म्हणजे आई-वडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष. मला आजार काही नाही, मी फक्त कॅरिअर आहे, म्हणजे जीनच्या दोन प्रतींपैकी एकीतच चूक आहे, पण नवरा पण कॅरिअर निघाला तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला मेजर होईल, आणि मेजर म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आयुष्यभर. हे ऐकून मी त्या रात्री झोपलेच नाही.

आणि नवरा गुजरातमध्ये दहेजला, प्लांटचं शटडाऊन चालू, रविवारशिवाय सुट्टी नाही. त्यात ह्या सगळ्याला घड्याळ लावलेलं असतं, दोघं कॅरिअर असतील तर बाळाची तपासणी ११ आठवड्यांनंतर लवकरात लवकर करतात आणि त्याआधी आई-वडील दोघांच्या जीनमध्ये नेमकी कुठली चूक आहे ते माहीत असावं लागतं. म्हणून डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी देऊन इकडे पाठवलं. सोबत माझे वडील आले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, खारेगावला त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, ३५ वर्षं झाली. अण्णांचं मुद्दाम सांगतेय कारण पुढे सगळा विषय त्यांच्यावरच आला.

तर पहिली व्हिजिट. जागा शोधायला त्रास होत नाही, स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं, पण गाडी घेऊन अजिबात जाऊ नका, पार्किंग नाही आणि गल्ली अरुंद आहे, रिक्षावाला पण तोंडाशीच सोडतो. दुसरा मजला, लिफ्ट आहे पण छोटी. अपॉइंटमेंट साडेदहाची होती आणि आत घेतलं ११ वाजून २० मिनिटांनी. गरोदर बाईला पन्नास मिनिटं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवणं बरोबर नाही, मी तिथेच सांगितलं. पण ज्या गोष्टीसाठी अर्धा स्टार कापलाय ती ही नाही. ती ही की रिसेप्शनवरच्या मुलीने बाहेर येऊन मोठ्याने विचारलं, "थॅलॅसेमियावाले कोण आहेत?" बाहेर पंधरा माणसं बसलेली, एक मुलगी तर लग्नाआधीच्या तपासणीला आईबरोबर आलेली दिसत होती. आपल्याकडे नुसत्या शब्दावरून लग्नं मोडतात. नावाने बोलवा, नंबराने बोलवा, आजाराच्या नावाने हाक मारू नका. काउन्सिलर मॅडमना सांगितलं तर त्यांनी ताबडतोब तिला आत बोलावून समजावलं, हे पण नमूद करते.

ह्या काउन्सिलर मॅडम म्हणजे ह्या सेंटरचा जीव आहेत. तिशीच्या असतील, साधं स्वच्छ मराठी बोलतात, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी एकही टेस्ट लिहिली नाही, नुसतं घराणं विचारलं. आजी कशाने गेली, आत्याला मुलं किती, कुणाला लहानपणी रक्त चढवलं का, कोणाचं हिमोग्लोबिन कायम कमी. अण्णा म्हणाले माझं नेहमी बारा-साडेबारा असतं, मला लहानपणापासून पंडुरोग आहे असं आमची आई सांगायची. मॅडमनी लगेच त्यांचं पण रक्त घ्यायला सांगितलं. जीनमधली नेमकी चूक शोधणाऱ्या डीएनए टेस्टबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याच लॅबमध्ये ऐकलेलं नाही, म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा एचपीएलसी नॉर्मल आला तर ह्या टेस्टची आत्ता गरज उरणार नाही. साडेपाच हजार आहेत. थांबायचं असेल तर थांबा, पण मग ते कॅरिअर निघाले तर आपल्याकडे दिवस कमी पडतील." निर्णय माझ्यावर सोडला. मी टेस्ट केली, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. काउन्सिलिंगची फी १,२००, त्यात दुसरी व्हिजिट धरलेली आहे.

आमच्या मनात अजून एक होतं ते पण विचारून घेतलं, की हा तर सिंधी लोकांचा, कच्छी-लोहाणांचा आजार ना, उल्हासनगरला वगैरे असतो, आम्ही तर साताऱ्याकडचे. मॅडम म्हणाल्या काही समाजांमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं, पण सगळ्या भारताचं धरलं तरी शंभरात ३-४ माणसं कॅरिअर असतात, कुठल्याच जातीला माफी नाही. हे वाक्य मी घरी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं कारण तिकडे "आमच्यात हे नसतं" असं चालू झालेलं.

रिपोर्ट सात दिवसांत मिळेल म्हणाले होते, दहा दिवस लागले. ते तीन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. रोज फोन करायचे, रोज "आज संध्याकाळपर्यंत". निदान उशीर होणार हे स्वतःहून कळवायला हवं होतं.

आता दुसरी व्हिजिट, आणि हा रिव्ह्यू मी खरं तर त्या पन्नास मिनिटांसाठी लिहितेय. आम्ही आत शिरलो, खुर्चीत बसायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे, ए-टू २.६, पेशींचा आकार पण व्यवस्थित. बाळाला मेजर होईल अशी भीती राहिलेली नाही. आता निवांत बसा, बाकीचं बोलू." आधी हे सांगितलं. बाकी सगळं नंतर. ह्यासाठी मी त्यांची आयुष्यभर आभारी राहीन, कारण आधी प्रस्तावना आणि मग निकाल असं केलं असतं तर मला त्यातला एक शब्द ऐकू आला नसता. बाळ माझ्यासारखं कॅरिअर होण्याची शक्यता निम्मी आहे, आणि त्याने काही बिघडत नाही.

मग त्यांनी अण्णांचा रिपोर्ट काढला. ए-टू ४.९. म्हणजे माझ्यात ते अण्णांकडून आलं. आणि अण्णा एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पोरीला एवढी वर्षं जो त्रास झाला तो माझ्यामुळे." आमच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली, ती असती तर तिने काहीतरी बोलून वेळ निभावून नेली असती, मला काही सुचेना. मॅडमनी त्यांना "असं काही नसतं काका" असं म्हणून सोडून दिलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून कागदाचा एक रोल काढला, दुकानात बिलाच्या मशीनला असतो तसा, आणि टेबलावर उलगडला. टेबल पुरेना म्हणून एक टोक अण्णांच्या हातात दिलं. म्हणाल्या, "काका, हा हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा जीन. डीएनएचं एक अक्षर म्हणजे एक मिलिमीटर धरून बनवलाय. साधारण १,६०० अक्षरं." अण्णांनी नजरेनेच माप घेतलं, म्हणाले, "पावणेदोन वार." बरोबर निघालं.

त्या पट्टीवर तीन तुकडे लाल रंगवलेले होते आणि मध्ये दोन पांढरे. पहिला लाल १४ सेंटिमीटर, मग पांढरा १३, मग लाल २२, मग पांढरा चांगला लांबलचक ८५, आणि शेवटी लाल २६. लाल तुकड्यांना एक्झॉन म्हणतात, पांढऱ्यांना इन्ट्रॉन. आपल्या पेशीला हिमोग्लोबिन बनवायचं असलं की ती मूळ डीएनएला हात लावत नाही, ते अकराव्या गुणसूत्रावर आहे तसं राहतं, ती त्याची आरएनएमध्ये कॉपी काढते, अख्ख्या पट्टीची, लाल-पांढरं सगळं. आणि मग ह्या कॉपीतून दोन्ही पांढरे तुकडे कापून काढायचे आणि तिन्ही लाल तुकडे एकाला एक जोडायचे, मगच ती कॉपी पेशीच्या केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रोटीन बनतं. ह्या कापाकापी-जोडाजोडीला स्प्लायसिंग म्हणतात. १६० सेंटिमीटरच्या पट्टीतलं ९८ सेंटिमीटर काढून टाकायचं. उरलेल्या ६२ मधलं पण प्रत्यक्ष प्रोटीनचा मजकूर असलेलं ४४ सेंटिमीटरच, बाकी दोन्ही बाजूंची किनार.

अण्णा इतका वेळ मान खाली घालून होते ते आता पट्टीवर वाकले. त्यांनी विचारलं, "पण कुठे कापायचं ते त्याला कसं कळतं? खुणा असतात का?" मॅडम म्हणाल्या बरोबर तिथेच आपल्याला जायचंय. पांढऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला जी आणि यू ही दोन अक्षरं असतात आणि शेवटी ए आणि जी. जवळजवळ प्रत्येक इन्ट्रॉनला ह्याच खुणा. पण दोन अक्षरं काय, कुठेही सापडतील, म्हणून आजूबाजूची अक्षरं पण बघितली जातात. यू-वन नावाचा एक छोटा कण असतो, थोडा आरएनए थोडं प्रोटीन, त्याच्यावर ह्या खुणेला जुळणारी अक्षरं असतात, तो येऊन सुरुवातीच्या खुणेवर बसतो, लाल तुकड्याची शेवटची ३ आणि पांढऱ्याची पहिली ६ अशी नऊ अक्षरं तो जुळवून बघतो. यू-टू नावाचा दुसरा कण पांढऱ्या तुकड्यातल्या एका ठरावीक ए वर बसतो, तो ए शेवटापासून थोडा अलीकडे असतो. मग अजून तीन येतात, यू-फोर, यू-फाइव्ह, यू-सिक्स, आणि बाकी प्रोटीनं ढिगाने, अशी ती मोठी मशीन जमते, तिला स्प्लायसिओसोम म्हणतात, आणि काम झालं की परत सुटी होते.

मग मॅडमनी हातानेच करून दाखवलं. पांढऱ्या तुकड्याची सुरुवात उचलून वाकवली आणि त्या आतल्या ए ला नेऊन चिकटवली, चिकटता चिकटता ती लाल तुकड्यापासून सुटली. सुरगाठीचा फास दिसतो तसा आकार झाला, एक गोल आणि खाली लोंबणारी शेपटी. मग पहिल्या लाल तुकड्याचं जे टोक मोकळं झालं ते नेऊन दुसऱ्या लाल तुकड्याच्या तोंडाशी लावलं, आणि तिथे जोड बसताना पांढरा फास दुसऱ्या बाजूने पण सुटून खाली पडला. तो फास पेशी नंतर उलगडते आणि त्याची अक्षरं सुटी करून परत वापरते. अण्णांनी परत करायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे कात्री आणि टीप एकाच हाताने. कापून ठेवलंय आणि मग शिवतायत असं नाही." मॅडम म्हणाल्या अगदी बरोबर, तुकडा मधल्या वेळात मोकळा सुटतच नाही, मशीनने धरून ठेवलेला असतो.

मी कॉमर्सची आहे, मला बायोलॉजी दहावीनंतर नाही, आणि मला हे सगळं समजलं. शाळेत आम्हाला डीएनए म्हणजे माहितीची सलग शिडी असं शिकवलेलं, मध्ये एवढं न वापरायचं कापड असतं हे कुणी बोललंच नाही. नंतर घरी शोधलं तर शास्त्रज्ञांना पण १९७७ पर्यंत माहीत नव्हतं. बॅक्टेरियांमध्ये जीन सलग असतो म्हणून सगळीकडे तसाच असणार असं धरून चाललेले, मग अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स ह्या दोघांच्या वेगवेगळ्या टीमना सर्दी-खोकला करणाऱ्या अॅडिनोव्हायरसमध्ये दिसलं की तयार आरएनए मूळ डीएनएला लावून बघितला तर मधले डीएनएचे तुकडे जुळायला जोडीदारच नाही म्हणून कमानीसारखे बाहेर येतात. १९९३ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं. इन्ट्रॉन-एक्झॉन ही नावं वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये दिली.

आता आमच्या रिपोर्टवर काय लिहिलेलं, तर आयव्हीएस वन-फाइव्ह, जी टू सी. वाचून मला वाटलेलं काहीतरी भयंकर आहे. मॅडमनी पहिल्या लाल तुकड्याच्या शेवटी बोट ठेवलं आणि पाच मिलिमीटर पुढे नेलं, पांढऱ्यात. पहिल्या इन्ट्रॉनचं पाचवं अक्षर. तिथे जी पाहिजे तिथे आमच्याकडे सी आहे. बस. प्रोटीनचा मजकूर म्हणून बघाल तर एक अक्षर चुकलेलं नाही. जे कापून टाकायचंय त्यातलं एक अक्षर वेगळं आहे. मी विचारलं मग काय फरक पडतो, ते तर फेकूनच द्यायचंय ना. मॅडम उत्तर द्यायच्या आधी अण्णा बोलले, "खडूची खूण पुसट झालीय."

मॅडम दोन सेकंद त्यांच्याकडे बघतच राहिल्या, आणि म्हणाल्या काका, हे मी आता सगळ्यांना सांगणार.

खरंच तसंच आहे. जी-यू ची मुख्य खूण जागेवर आहे, पण तो यू-वन जी नऊ अक्षरं जुळवतो त्यातलं एक जुळत नाही म्हणून तो नीट बसत नाही, आणि मग मशीन आजूबाजूला तशीच दिसणारी दुसरी खूण शोधते. अशा तीन खोट्या खुणा तिथे जवळच आहेत, दोन लाल तुकड्यात, १६ आणि ३८ मिलिमीटर अलीकडे, आणि एक पांढऱ्यात १३ मिलिमीटर पुढे. अण्णा म्हणाले, "अर्धा इंच. मुंढ्याला अर्धा इंच चुकला तर बाही बसणारच नाही." आणि आरएनएचं तर त्याहून वाईट, कारण तो तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. मॅडमनी कागदावर लिहिलं, कमल गवत उचल. आता पहिलं अक्षर गाळून तीन-तीनने वाचा, मलग वतउ चल. पुढे अर्थच लागत नाही. १६, ३८ आणि १३, तिन्हीला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे कुठल्याही खोट्या खुणेवर कापलं तरी पुढचं सगळं वाचन सरकतं, लवकरच कुठेतरी चुकून थांबा असा शब्द येतो आणि पेशी ती कॉपी बाद करून टाकते. हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनते, पेशी बारकी राहते. थोड्या कॉपी मात्र त्या पुसट खुणेवर पण बरोबर कापल्या जातात. आणि माझ्याकडे आईकडून आलेला दुसरा जीन अगदी धड आहे, तो काम सांभाळतो, म्हणून मी ९.८ वर का होईना पण उभी आहे. लोहाचा ह्यात काही संबंधच नव्हता. इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या त्या कशासाठी. मॅडम म्हणाल्या इथून पुढे फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघूनच गोळी घ्यायची, गरोदरपणात लागू शकते, फॉलिक अॅसिड मात्र चालू ठेवायचं.

ही चूक भारतात थॅलॅसेमियाच्या सगळ्या चुकांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, कुणा एकाने केलेली नाही. हे त्यांनी अण्णांकडे बघून सांगितलं. मला वाटतं अण्णांना आधार त्या वाक्याने कमी आणि त्या पट्टीने जास्त मिळाला. "कुणाची चूक नाही" हे कोणीही म्हणतं. पाचव्या मिलिमीटरवर बोट ठेवून दाखवल्यावर ती गोष्ट तेवढीच उरते, पाच मिलिमीटरवरचं एक अक्षर, तिच्यात पाप-पुण्य कुठे घालणार.

मग अण्णांनी तो प्रश्न विचारला जो मी घरी येऊन पण विचार करत बसले. टेलरिंगमध्ये शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, पुढे माणूस जाड झाला तर उसवून सैल करता येतं. अण्णा म्हणाले, "पावणेदोन वारात वारभराच्या वर फेकायचं, असा कारागीर मी दुकानात ठेवला नसता. एवढी माया कशाला सोडलीय?" मॅडमनी त्याला खूप चांगलं उत्तर दिलं. एक तर तुकडे वेगळे असल्यामुळे ते वेगवेगळ्या तऱ्हेने जोडता येतात, एका जागी तीनही घेतले, दुसऱ्या जागी मधला सोडला, अशी एकाच कापडातून दोन-चार मापं निघतात. माणसाला प्रोटीनचे जीन साधारण २० हजारच आहेत पण प्रोटीनचे प्रकार त्याहून कितीतरी जास्त, त्याचं एक कारण हे. बीटा साखळीचा तर जीन छोटा, स्नायूंच्या डिस्ट्रॉफिन नावाच्या प्रोटीनचा जीन ७९ तुकड्यांचा आहे, २२ लाखांच्या वर अक्षरं, ह्याच मापाने पट्टी केली तर दोन किलोमीटरच्या वर जाईल, जवळजवळ ठाणे ते कळवा स्टेशन, आणि कापून-जोडून तयार होणारी कॉपी १४ मीटर. हे ऐकून मी आणि अण्णा एकमेकांकडे बघायलाच लागलो.

आणि दुसरं म्हणजे त्या कापून टाकायच्या भागात कधीकधी जीनची बटणं असतात. बीसीएल-इलेव्हन-ए नावाचा एक जीन आहे, तो जन्मानंतर आपलं गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करून ठेवतो. त्याला रक्तपेशींमध्ये चालू ठेवणारं बटण त्याच्याच एका इन्ट्रॉनमध्ये बसलेलं आहे. ते बटण मोडलं तर गर्भातलं हिमोग्लोबिन परत बनायला लागतं आणि बीटा साखळीची उणीव भरून निघते, ह्याच तत्त्वावरचं कॅसजेव्ही नावाचं जीन एडिटिंगचं औषध ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं, पेशंटच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून दुरुस्त करून परत सोडतात. मॅडमनी हे सांगताना उगाच आशा लावली नाही, म्हणाल्या उपचार अवघड आहे आणि प्रचंड महाग आहे, तुम्हाला त्याची गरज पण नाही, काकांनी विचारलं म्हणून सांगितलं. अण्णा बराच वेळ मान हलवत होते. "म्हणजे वाया नव्हतं," एवढंच म्हणाले.

बाकी सेंटरचं पटकन सांगते. स्वच्छता चांगली, रक्त घेणारा मुलगा हलक्या हाताचा आहे, माझी शीर कधी सापडत नाही ती पहिल्या फटक्यात सापडली. पाण्याचा कूलर होता पण ग्लास नव्हते. यूपीआय चालतं, कार्डचं मशीन दोन्ही वेळा बंद. लिहिलेला रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत आणि एवढ्या बारीक अक्षरात की मॅडम भेटल्या नसत्या तर आम्ही त्या जी टू सी कडे बघत घाबरून बसलो असतो, त्यांनी मराठीत एक पान सोबत जोडावं असं मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आलेय. तोंडी जे समजतं ते घरी गेल्यावर चार जणांना सांगताना निम्मं निसटतं, सासूबाईंना पट्टीचं सांगताना मी तीनदा अडखळले.

जाणार असाल तर जुने सगळे रक्ताचे रिपोर्ट घेऊन जा, नवरा-बायको दोघांचे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, सोबत ठेवा, आणि जमलं तर आई-वडिलांपैकी कुणाला तरी न्या कारण घराण्याचे प्रश्न खूप विचारतात. लग्न ठरतंय अशा मुलामुलींनी तर आधीच जा, मला नवव्या आठवड्यात जे दहा दिवस काढावे लागले ते तुम्हाला लागणार नाहीत. सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या म्हणजे थांबावं लागणार नाही. मॅडम गुरुवारी नसतात, फोन करूनच जा.

निघताना अण्णांनी ती पट्टी मागितली. मॅडमनी दुसरी बनवून घेते म्हणून देऊन टाकली. आता ती दुकानात कटिंगच्या टेबलाच्या वर भिंतीला टाचण्यांनी लावलेली आहे, पाचव्या मिलिमीटरवर अण्णांनी त्यांच्या निळ्या खडूने खूण केलीय आणि गिऱ्हाईक विचारतं तेव्हा हातातलं काम ठेवून सांगत बसतात. माझ्या भावाची पण तपासणी करायची आहे, त्याचं लग्न ठरतंय, शनिवारी सव्वादहाची वेळ मिळालीय आणि रिसेप्शनवर फोनवरच सांगून ठेवलंय की त्याला नावाने हाक मारा.